चौदा ठराव आणि एक बाकडे

आमच्या जिल्ह्याच्या गावी नागरी हक्कांचे रक्षण करणारी एक समिती आहे. १९७७ साली आणीबाणी उठली, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती जन्मास आली. आणि १९७९ पासून मी तिचा वर्गणीदार सभासद आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते घरच्या माणसाचे भांडण आहे. घरचे भांडण फराळाच्या ताटावर काढू नये, असा संकेत आहे खरा; पण आमच्या घरात ते एरवीही काढू दिले जात नाही, याला मी काय करावे?

गेल्या वार्षिक सभेत आम्ही चौदा ठराव केले. काही परदेशांतील युद्धांविषयी होते, काही दिल्लीतील विधेयकांविषयी, एक न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयी, आणि शेवटचा आमच्या अध्यक्षांच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांच्या अभिनंदनाचा. सगळे एकमताने संमत झाले. तो रविवार होता. सभागृहाबाहेरच्या पडवीत एका बाकड्यावर पारधी समाजातील एक म्हातारी सकाळपासून बसून होती.

“पोरगं रातीच नेलं, दादा,” ती मला म्हणाली. “कशापायी नेलं, कुणी सांगंना.”

मी आत जाऊन चिटणिसांच्या कानावर घातले. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी बाहेर येऊन तिला सांगितले, “आजी, आज सभा आहे. सोमवारी कागदपत्रे घेऊन या.” आणि मी? मी आत जाऊन उरलेल्या नऊ ठरावांना हात वर केला. सभा संपवून बाहेर आलो तेव्हा बाकडे रिकामे होते.

आता घटनेचे बाविसावे कलम काढून पाहा. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला वकील गाठू दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. रविवार असला तरी हे तास थांबत नाहीत. घटनेने पोलिसांना चोवीस तास दिले आहेत. आमच्या समितीने स्वतःला सोमवारपर्यंतची मुदत घेतली! तिसऱ्या दिवशी तो मुलगा सुटला. अटकेची नोंद कोठेच नव्हती. म्हणजे कायद्याच्या लेखी तो ते तीन दिवस कोठेच नव्हता. त्याचा उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नव्हता.

हा विषय मी कार्यकारिणीत काढला, तेव्हा अध्यक्षांनी शांतपणे उत्तर दिले. ते म्हणाले, “आपली माणसे थोडी. एकेका प्रकरणामागे धावलो, तर मूलभूत प्रश्न कोणी हाताळायचे?” हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सरकारे कायदे बदलतात तेव्हा बोलणारे कोणी असावेच लागते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी, आणीबाणीत बंदिवानाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निवाडा दिला आणि एकट्या खन्नांनी तो नाकारला. ते दिवस पाहिलेला माणूस ठरावांची थट्टा करणार नाही.

पण मूलभूत प्रश्न येतो कोठून? १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचे हुसैनारा खातून प्रकरण न्यायालयापुढे आले. शिक्षा झाली असती तर जितके दिवस भोगावी लागली असती, त्याहून अधिक दिवस ज्यांनी खटल्यावाचून काढले, अशी माणसे त्यांत होती. त्यांच्या हालांतून ‘खटला लवकर चालणे हा हक्क आहे’ हे तत्त्व निघाले. पश्चिम बंगालमधील कायदेसाहाय्य संस्थेच्या डी. के. बसूंनी १९८६ साली कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या पाहून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यातून १९९६ चा निर्णय आला: अटकेचा लेखी पंचनामा हवा, नातेवाइकाला खबर हवी, वैद्यकीय तपासणी हवी. तत्त्वे कोठडीच्या दारातून वर गेली आहेत. व्यासपीठावरून खाली उतरलेली नाहीत. आमच्या बाकड्यावर बसलेली म्हातारी हाच आमचा मूलभूत प्रश्न होता, आणि तो आम्ही सोमवारवर ढकलला.

शिवाय ती पारधी होती, हेही विसरू नये. इंग्रजांनी १८७१ साली जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या जमाती त्यात ओढल्या गेल्या. तो १९५२ साली रद्द झाला. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि जुना संशय चौकीत तसाच नांदत राहिला. चोरी कोठेही होवो, पहिली धाड पालावर!

खरे दुखणे नेतृत्वाचे आहे. आमचे अध्यक्ष बावीस वर्षे अध्यक्ष आहेत. ते निःस्पृह आहेत, नामांकित वकील आहेत. परंतु मान्यता वाढली तशी निमंत्रणे वाढली. शांतता समितीच्या बैठकीत ज्या अधिकाऱ्याशेजारी बसून चहा घ्यावयाचा, त्यालाच रात्री अकरा वाजता दूरध्वनी करून “कोठडीत कोण आहे?” असे विचारावयास जीभ रेटत नाही. हा दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. नेहरूंच्या पुढाकाराने १९३६ साली मुंबईत नागरी स्वातंत्र्य संघ निघाला. अध्यक्ष होते प्रत्यक्ष रवींद्रनाथ ठाकूर. पुढल्याच वर्षी प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि संघाचा जोर ओसरत गेला. सत्ता आपल्या ओळखीची झाली की तिला प्रश्न विचारणे अवघड जाते. मग मोठी नावे त्याला पुरी पडत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अध्यक्षपद दोन वर्षांहून अधिक कोणाकडे नसावे. कार्यकारिणीत पालावरची, झोपडपट्टीतली माणसे असावीत, आणि ती केवळ सत्कारापुरती नसावीत. दर रात्री दोन सभासदांची पाळी असावी, आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक पालापालांत माहीत असावा. वार्षिक अहवालात ठरावांची संख्या शेवटी छापावी. आधी किती माणसांसाठी चौकीची पायरी चढलो, ते छापावे.

हे मान्य होईल असे मला वाटत नाही. पुढच्या सभेची कार्यक्रमपत्रिका आली आहे. तीत सोळा ठराव आहेत. मी मात्र ठरविले आहे की त्या दिवशी आत न जाता पडवीतल्या बाकड्यावर बसावयाचे. कोणी आलेच, तर त्याला सोमवार सांगणारा मी नसेन.