दवाखान्यातला दहा वर्षांचा दुभाष्या

चाकण, खराबवाडी, महाळुंगे, इकडे चिखली-कुदळवाडी. या पट्ट्यात उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. घरातला पुरुष कंपनीत किंवा भंगाराच्या धंद्यात कामापुरती मराठी शिकतो. मुले शाळेत आणि गल्लीत खेळता खेळता बोलू लागतात. मागे राहते ती आई. मग दवाखान्यात, रेशन दुकानावर, पालकसभेत दहा वर्षांचा मुलगा तिच्या वतीने बोलतो. पाळीचा त्रास ती मुलाच्या तोंडून डॉक्टरांना कसा सांगणार? सांगतच नाही. दुखणे अंगावर काढते.

‘आता या वयात कुठली भाषा?’ असे तीच म्हणते. मला हे पटत नाही. उच्चारात मुले सरस ठरतात हे खरे. पण सुरुवातीला वाक्यरचना आणि शब्द मोठ्या माणसाला बहुधा लवकर उमगतात. मुलाला मिळतात ते ऐकण्या-बोलण्याचे तास. आईच्या वाट्याला चार भिंती येतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले. पत्रव्यवहारासाठी परक्यावर विसंबावे लागू नये, हा हेतू होता. अर्धा महिना उलटण्याआधी त्यांनी ती आत्मसात केली, असे तिर्मिजीच्या हदीसमध्ये आहे. ते बुद्धिमान होतेच. पण समोर खरे काम होते, वाचायला खरी पत्रे होती.

उर्दू बोलणारीला मराठीत निम्मी वाट ओळखीची वाटते. दुकान, किंमत, जमीन, हजर, खबर, दवाखाना हे शब्द तिचेच. फसवणारेही आहेत. ‘पिशवी खाली ठेवा’ म्हटले की ती पिशवी रिकामी करायला घेईल. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, इथे दंड! हिंदी शाळेत गेलेली असेल तर देवनागरी पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात. फक्त उर्दू येत असेल तर वाक्ये उर्दू लिपीत लिहून घ्यावीत. ‘ळ’ला तिथे अक्षर नाही, तो कानानेच शिकावा.

आता आपले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांचे. समोरून हिंदी ऐकली की आपण लगेच हिंदीत शिरतो. आदर म्हणून करतो, पण त्या बाईला मराठी ऐकू येणार कुठून? शेजारणीशी रोज दहा मिनिटे सावकाश मराठीत बोला. आधी दवाखान्याची वाक्ये घ्या: ‘दोन दिवसांपासून ताप आहे’, ‘इथे दुखतंय’, ‘गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?’ पुढच्या आठवड्यात शाळेची. ती चुकली तर हसू नका, टोकूही नका. तेच वाक्य नीट म्हणून गप्पा पुढे न्या.

आणि केस पेपर काढायच्या दिवशी मुलाला शाळेत जाऊ द्या. सोबत आपण जा, पण खिडकीशी बोलू द्या तिलाच.