संथेची तालीम
अथर्वशीर्ष तोंडपाठ असल्याची खातरी बाळगून उतारवयात मी रीतसर संथेस बसलो, तेव्हा पहिल्याच दिवशी गुरुजींनी पोथी मिटावयास लावली; आणि जी जिव्हा जन्मभर मराठी सफाईने बोलत आली तीच येथे पदोपदी आड येते, हे मला उमगले. शब्दाचा अन्त्य अकार आपण बिनदिक्कत गिळतो, ‘ऋ’चा ‘रु’ करतो, ‘ज्ञ’मधील जकार-ञकारांच्या जागी दकार-नकारांचा अंमल बसवितो, आणि ‘चाक’ या शब्दातला दन्त्य चकार, जेथे केवळ तालव्यच हवा, तेथेही नकळत नेऊन ठेवतो. (एक वर्ण मात्र आपल्याला वारशानेच लाभला आहे: ऋग्वेदाच्या शाकल संहितेत दोन स्वरांमधील डकाराचा होणारा ळकार मराठी मुलास कोणी शिकवावा लागत नाही.) वर्णांहून कठीण तो स्वर. अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी. पण ज्या उदात्ताच्या आधाराने हे दोन्ही ओळखावयाचे त्यावर चिन्हच नसते, म्हणून नुसत्या मुद्रित प्रतीवर विसंबणाऱ्याची फसगत होते. लेखणीवर भिस्त न ठेवता पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी शब्दांची उलटसुलट गुंफण करून एकेक मात्रा ज्यांनी शतकानुशतके जतन केली, आणि ज्यांच्या पठणपरंपरेचा युनेस्कोने २००३ साली गौरव केला, त्या वैदिकांविषयीचा आदर माझ्या मनात दृढ केला तो एका ओळीने, जी रिवाजाप्रमाणे गुरुजींनी एकदा म्हटली, मी दोनदा म्हटली, आणि तिसऱ्या दिवशीही जिच्यातला विसर्ग माझ्या मुखी अर्धवटच राहिला.