जुन्या अॅम्प्लिफायरसाठी
घरातला जुना अॅम्प्लिफायर भंगारात काढू नका. त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांना अख्खा सीडीसंग्रह जोडता येतो. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक, त्यावर बसणारं, डिजिटल फाइलचा अॅम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं डॅक कार्ड आणि व्होल्युमिओसारखं सॉफ्टवेअर, एवढं पुरतं. सीडी मात्र फ्लॅक या फाइल-प्रकारातच उतरवा. जागा बरीच वाचते आणि सुराचा कणही गळत नाही. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट. साध्या ब्लूटूथला तो पेलत नाही, लॅन केबलला मात्र अगदीच किरकोळ. आणि प्लेअर ‘गॅपलेस’ वाजवतो ना, हे आधी तपासा. सतारीच्या सीडीवर आलाप, जोड, झाला असे वेगळे ट्रॅक अनेकदा असतात. त्यांच्या मधे क्षणभर जरी खंड पडला, तरी तंबोरा तुटतो आणि रागाची बैठकच मोडते. वायफाय अडखळत असेल, तर सरळ केबल ओढून घ्या.