शेतराखणीच्या बंदुकीचे अर्थशास्त्र

उंब्रजच्या पश्चिमेस चाफळच्या खोऱ्यापासून पाटण तालुक्यातील डोंगरकपारीपर्यंत आणि पूर्वेस कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, सुगीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास डोकावू लागला आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरला, मका लोळवला, ऊस बुडख्याशी चावून आडवा केला. आता बंदूक घ्यावी म्हणतो, पण कोणती? त्यात हा शेतकरी सैन्यातून निवृत्त होऊन आलेला असेल, तर साध्या छऱ्याच्या बंदुकीवर त्याचे मन बसत नाही. त्याला बोल्ट अ‍ॅक्शनची रायफल हवी असते, आणि तीही निवृत्तीच्या रकमेला फारशी कात्री न लावता. साताऱ्यासारख्या सैनिकांच्या जिल्ह्यात ही मागणी अस्वाभाविक नाही. शहरात बसून तिची टिंगल करणाऱ्यांनी एका रात्रीत उद्ध्वस्त झालेले भुईमुगाचे रान एकदा पाहून यावे. तेव्हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला आहे हे गृहीत धरून त्याचे उत्तरही गंभीरपणेच दिले पाहिजे.

प्रथम वस्तूचाच विचार करू. ज्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकावे लागते आणि पुढे रेटून नवे आत घ्यावे लागते, ती बोल्ट अ‍ॅक्शनची रायफल. तिच्यात सुटे भाग थोडे, बिघाड थोडा आणि आयुष्य मोठे. चांगली निगा राखल्यास ती दोन पिढ्या चालते. आपोआप काडतूस भरणारी रायफल सामान्य नागरिकास मिळतच नाही. ती प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. त्यामुळे मध्यम ऐपतीच्या परवानाधारकापुढे व्यवहारात जी रायफल येते, ती म्हणजे बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल.

या .३१५ चा इतिहास मनोरंजक आहे आणि काहीसा बोचराही. ब्रिटिश सैन्याची रायफल .३०३ बोअरची होती. तेच काडतूस प्रजेच्या हाती असू नये, सैन्याच्या कोठारातून चोरलेल्या दारूगोळ्याचा बाहेर उपयोग होऊ नये, म्हणून नागरिकांसाठी निराळ्या मापाचे काडतूस रूढ करण्यात आले. रायफलीची यंत्रणा तीच, सैन्याच्या ली-एनफिल्डची. फरक फक्त नळीच्या मापात. १८७८ च्या शस्त्रकायद्याविरुद्ध काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून ठराव होत असत. स्वराज्य आले, १९५९ चा नवा शस्त्रकायदा आला, २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. पण राज्यकर्त्यांच्या अविश्वासातून जन्मलेले ते काडतूस अजूनही तयार होतेच आहे. आपल्या पुण्याच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याने त्याचा पुरवठा वर्षानुवर्षे केला आहे.

मर्यादित पैशात रायफल घ्यावयाची तर .३१५ च घ्यावी, असे माझे मत आहे. .२२ बोअरची रायफल हलकी आणि तिची काडतुसेही स्वस्त. परंतु ती निशाणबाजीच्या सरावासाठी. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच बोअरच्या रायफलीने, आणि तेव्हापासून आमच्या भागातील तरुणांत तिचे आकर्षण वाढले असल्यास नवल नाही. मात्र पूर्ण वाढलेले रानडूक तिने मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुकराइतके धोकादायक जनावर आपल्या रानात दुसरे क्वचितच असेल. .३०-०६ बोअरची रायफल .३१५ हून पुष्कळ जोरकस, पण ती पसंत करण्यापूर्वी तिची काडतुसे आपल्या दुकानदाराकडे कितीला आणि कितपत नियमाने मिळतात याची चौकशी करावी. काडतुसावाचून रायफल म्हणजे डिझेलवाचून इंजिन.

राहता राहिली जुनी विलायती रायफल. तिच्याविषयी लोकांच्या मनात मोठे वलय आहे, आणि ते सर्वस्वी निराधारही नाही. पण तिची किंमत तिच्या गुणाची नव्हे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून सामान्य परवानाधारकास परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. देशात होत्या तेवढ्याच रायफली हातोहाती फिरत राहिल्या. पुरवठा गोठला आणि मागणी वाढत राहिली, म्हणजे जे मिळते त्याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. रिकार्डोने तो जमिनीच्या संदर्भात सांगितला. बंदुकीलाही तो तंतोतंत लागू पडतो. विलायती रायफलीसाठी जादा मोजलेले पैसे पोलादाला जात नाहीत, टंचाईला जातात. मध्यम ऐपतीच्या माणसाने टंचाईचे मोल मोजण्याच्या फंदात पडू नये.

जुनी .३१५ घेतल्यास पैसे वाचतात, मात्र ती पारखून घ्यावी. नळीतून उजेडाकडे पाहिल्यावर आतले पेच स्पष्ट व धारदार दिसले पाहिजेत. ते झिजलेले किंवा गंजाने खाल्लेले असतील तर बाहेरची पॉलिश फसवी समजावी. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच असावा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा बसवला असेल, तर काडतूस आणि बोल्ट यांच्यामधील अंतर बिघडलेले असू शकते आणि स्फोटाचा धक्का तोंडावर येण्याचा संभव असतो. लाकडी दस्त्याला मनगटाजवळ तडा आहे का, पेटीतून पाचही काडतुसे विनासायास चढतात का, हे पाहावे. निवृत्त जवानाला हे सांगण्याची गरज नाही. परंतु वडिलांच्या नावची रायफल वारसाने आपल्या परवान्यावर घेणाऱ्या मुलास ते ठाऊक असतेच असे नाही.

इथवर प्रश्नाचे सरळ उत्तर झाले. अडचण पुढे आहे. शेतराखणीसाठी रायफल हा कायद्याच्या दृष्टीने मुळात अपवाद आहे. शस्त्रकायद्याच्या तेराव्या कलमाने शेतराखणीसाठी गृहीत धरली आहे ती ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलीसाठी स्वतंत्र सबळ कारण दाखवावे लागते. पाटण तालुक्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य, सांगली जिल्ह्यात चांदोली व सागरेश्वर. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरात नवा परवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. म्हणजे जिथे जनावरांचा उपद्रव अधिक, तिथेच बंदूक मिळणे अधिक कठीण. या व्यवस्थेमागे जंगलाच्या रक्षणाचा हेतू आहे हे मान्य करूनही तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे विसरता येत नाही.

परवाना मिळाला तरी शिकारीचा हक्क मिळाला असे होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. गवा, मोर आणि आता उसात संसार थाटून बसलेला बिबट्या पहिल्या अनुसूचीत. उभ्या पिकाला उपद्रव देणारे रानडुक्कर मारण्यास अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते, त्याला हात लावता येत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेले तर तो गुन्हा नव्हे. पण भुईमूग म्हणजे जीव नव्हे, असे कायदा म्हणतो. परवानगीवाचून झाडलेल्या एका गोळीपायी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील जनावर असेल तर शिक्षा याहून कडक.

आता हिशेब मांडू. सोयीसाठी समजा, की रायफल, काडतुसे आणि परवान्याचा खटाटोप मिळून एक लाख रुपये गुंतले, आणि जनावरांमुळे शेतकऱ्याचे वर्षाला दहा हजारांचे पीक जाते. हेच लाख रुपये ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते तर सात हजार व्याज आले असते. म्हणजे केवळ बुडालेले व्याज भरून काढण्यासाठीच रायफलीने दहापैकी सात हजारांचे नुकसान टाळले पाहिजे. नूतनीकरण, साताऱ्याच्या खेपा आणि जागरण वेगळेच. नुकसान पन्नास हजारांचे असेल तर गणित पालटते, हे खरे. पण तेवढे नुकसान सोसणारी रानेही वर्षातील काही आठवडेच धोक्यात असतात, आणि नेमक्या त्या आठवड्यांत बंदूक हाताशी असेलच याची शाश्वती नसते. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. सोयाबीन आणि भुईमूग काढणीचे ते दिवस. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत निवडणुकांची आपल्याकडे वाण नाही. कोणाचे शस्त्र जमा करावे हे छाननी समितीने ठरवावे असा नियम आहे. शेतराखणीच्या बंदुकीकडे या समित्यांनी निराळ्या दृष्टीने पाहिले, तर एकही जादा परवाना न देता पुष्कळ पीक वाचेल.

आणि धोक्याचा हिशेब पैशांत मांडता येत नाही. बारा बोअरचे मोठे छर्रे चाळीस-पन्नास मीटरपलीकडे निष्प्रभ होत जातात. .३१५ ची गोळी चुकली तर किलोमीटरभर अंतरावरही माणूस मारते. उंब्रजच्या सपाट मळ्यांत दर दोन-चार शेतांआड वस्ती आहे, उसाला रात्री पाणी देणारा माणूस आहे, पलीकडे महामार्ग वाहतो आहे. उसात डुक्कर दिसत नाही, हालचाल तेवढी दिसते. आणि त्या हालचालीवर रायफल झाडणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरावर चिठ्ठी टाकणे होय. चाफळच्या चढावर, मागे मातीचा डोंगर असताना, वरून खाली मारलेली गोळी जमिनीत जिरते. तिथे रायफलीला अर्थ आहे. कृष्णाकाठच्या मळईत तिला तो नाही. तिथे बंदूकच लागणार असेल तर बारा बोअरची दुनळी अधिक शहाणपणाची आणि बहुधा स्वस्तही.

परंतु माझा मुख्य आक्षेप खरेदी एकट्याने करण्यावर आहे. राखणीला ज्याने फटाके वाजवले त्याच्या रानातील डुकरे गावाबाहेर जात नाहीत, शेजारच्या रानात जातात. एकाची राखण ही दुसऱ्याची हानी ठरते. म्हणून एकाने बंदूक घेतली की दुसऱ्याला ती घ्यावीशी वाटते, आणि ज्याची ऐपत नाही तो उघड्या तारेत वीज सोडतो किंवा स्फोटकांचे गोळे पेरतो. त्यात डुकरांइतकीच गुरे आणि माणसे मरतात, ही बातमी आता नवी राहिलेली नाही. वर्षातून चार रात्री लागणारी आणि लाखभर रुपयांची वस्तू प्रत्येकाने विकत घ्यावी, हे मळणी यंत्राबाबत आपण कधीच मान्य केले नाही. तिथे भाड्याची पद्धत आपोआप रुळली.

केरळने २०२२ मध्ये हेच ओळखले. पंचायतींच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन, उपद्रवी रानडुक्कर मारण्याची परवानगी स्थानिक पातळीवरच परवानाधारक बंदूकधाऱ्यांना देण्याची व्यवस्था तिथे झाली. तिच्यावर टीका झाली आणि तिचे परिणाम तपासून पाहण्यास अजून पुष्कळ वाव आहे. पण तत्त्व योग्य आहे: बंदूक शेतकऱ्यागणिक नव्हे, गावागणिक. आपल्याकडे तर नेम शिकवण्याचीही गरज नाही. कराड आणि पाटण तालुक्यांत सैन्यात शिस्तीने रायफल हाताळलेली माणसे गावोगाव आहेत. त्यांच्यातील परवानाधारकांची तालुकावार यादी वनखात्याने करावी, तक्रार आलेल्या रानाची पाहणी करून तत्काळ लेखी परवानगी द्यावी, आणि प्रत्येक गोळीचा व प्रत्येक मेलेल्या जनावराचा पंचनामा व्हावा. त्यांचे मानधन आणि काडतुसांचा खर्च ग्रामपंचायत, सोसायटी व साखर कारखाना यांनी वाटून घ्यावा. ऊस वाचला तर तो अखेर कारखान्याच्याच गव्हाणीत पडणार आहे.

असे झाले तर रायफलीसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांना मिळून सौर कुंपण, म्हणजे लोक ज्याला झटका मशीन म्हणतात ते, बसवता येईल. ते जनावर मारत नाही, परवाना मागत नाही आणि आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जात नाही. अट एवढीच, की ते पाच जणांनी एका बांधाने घालावे आणि तारेला टेकलेले गवत कोणी काढायचे हे आधी ठरवून घ्यावे.