उतरत्या तेलाचा वाटा कोणाच्या पदरात?

आंतरराष्ट्रीय बाजारात खनिज तेलाचे भाव उतरू लागले, की शेअरबाजाराचे पुरोहित एकच मंत्र म्हणू लागतात : विमान कंपन्यांचे शेअर घ्या! युक्तिवाद सोपा आहे. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा. तो घटला की नफा वाढेल आणि नफा वाढला की शेअर चढेल. हा मंत्र आता दलाल स्ट्रीटपुरता उरलेला नाही. मोबाईलमधील डिमॅट खात्याच्या वाटेने तो वारणा खोऱ्यातील उसाच्या फडापर्यंत पोहोचला आहे. ऊसबिलातून उरलेले चार पैसे तेथे लावावेत, असा उपदेश शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलाच्या कानी रोज पडतो.

या मंत्राची प्रचीती इतिहासात शोधली तर काय आढळते? ऑक्टोबर २०१८ मध्ये पिंपाला सुमारे ८६ डॉलर असलेले तेल डिसेंबरअखेर ५० डॉलरच्या आसपास आले. पुढे चारच महिन्यांनी, १७ एप्रिल २०१९ रोजी, जेट एअरवेजचे शेवटचे विमान जमिनीवर उतरले. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. अशा वेळी देण्यांच्या रांगेत सामान्य भागधारक सर्वांत शेवटी उभा असतो. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. परंतु तेव्हा साथीमुळे भारतातील प्रवासी विमाने तळावर उभी होती. तेल पुष्कळदा जगाचा व्यवहार थंडावला म्हणूनच स्वस्त होते, आणि व्यवहार थंडावला की प्रवासीही घटतो. शिवाय विमानांची भाडी डॉलरमध्ये भरावी लागतात. रुपया घसरला की इंधनात वाचलेले तेथे जाते.

यावर इंडिगोचे उदाहरण तोंडावर फेकले जाईल. २०१५ साली ७६५ रुपयांना विकला गेलेला तिचा शेअर पुढे अनेक पटींनी वाढला, हे खरे. परंतु २०२२ मध्ये तेल १२० डॉलरच्या वर गेले, त्यानंतरही हा शेअर चढतच गेला! किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकाच कंपनीकडे आले. तेव्हा या नफ्याचे मूळ स्वस्त तेलापेक्षा मक्तेदारीत अधिक आहे. तिची किंमत तिकिटातून प्रवासी मोजतो.

परंतु शेअर चढेल की पडेल, हा मूळ प्रश्नच नव्हे. स्वस्त झालेल्या तेलावर हक्क कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. २०१४ च्या मध्यास ११० डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेले. त्या काळात केंद्र सरकारने डिझेलवरील उत्पादन शुल्क वारंवार वाढवून लिटरमागे १३ रुपये ४७ पैशांची भर घातली. मे २०२० मध्ये पुन्हा एकदम १३ रुपये वाढविले. विमानाच्या इंधनावरील कर टक्केवारीने आकारला जातो, म्हणून भावाबरोबर तोही उतरतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्लीत विमानाचे इंधन डिझेलहूनही स्वस्त झाले होते! आकाशातील वाहनाला सवलत आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला भुर्दंड, असा हा न्याय.

ऊस उत्पादकाची कोंडी येथेच संपत नाही. तेल उतरले की ब्राझीलमधील कारखाने इथेनॉल कमी करून साखर अधिक काढतात, जगाच्या बाजारात साखर पडते आणि भारताच्या निर्यातीची वाट अरुंद होते. म्हणजे डिझेल महाग ते महागच, साखर मात्र स्वस्त; आणि वर उपदेश असा, की गमावलेले विमानाच्या शेअरमध्ये शोधा!

वारणानगरला शेअर हा शब्द नवा नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. त्या शेअरचा भाव रोज चढत-उतरत नाही. कितीही शेअर असले तरी सभासदाला मत एकच. लाभांशालाही कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा. सहकारात घराणेशाही शिरली, निवडणुकांत पैसा बोलू लागला, हे झाकण्याचे कारण नाही. पण तेथे वार्षिक सभेत उभे राहून जाब विचारता येतो. विमान कंपनीच्या दहा शेअरच्या धन्याला कोण विचारतो?

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावी दोन मागण्या मांडाव्यात. तेल उतरेल तेव्हा डिझेलवरील शुल्क वाढवून तो लाभ हिरावला जाऊ नये, असे कायद्याचे बंधन सरकारवर असावे. विमान कंपनी बुडाल्यास कामगारांचे संपूर्ण थकीत वेतन बँकांच्याही आधी चुकते व्हावे. उतरत्या तेलाचा वाटा हा जनतेचा हक्क आहे. तो सट्ट्याच्या पटावर जिंकून आणण्याची पाळी तिच्यावर येता कामा नये.