आधी हात, मग मशिन

फिजिओथेरपीची पदवी महाराष्ट्रात आजवर साडेचार वर्षांची होती. त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. 2021च्या केंद्रीय कायद्यानुसार नेमलेल्या आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची झाली असून इंटर्नशिप पूर्ण वर्षाची आहे. वाढीव सहा महिन्यांचे स्वागत. मात्र ते विद्यार्थ्यांचे हात तयार करण्यात जाणार की ओपीडीत मशिन लावण्यात, हे आताच विचारायला हवे.

हाडांच्या खुणा कातडीवरून बोटांनी ओळखणे, गोनिओमीटरने सांध्याची हालचाल मोजणे, स्नायूची ताकद शून्य ते पाच श्रेणीत ठरवणे हा या विद्येचा पाया. मुले तो सुरुवातीला एकमेकांवर शिकतात. वर्गमित्राला प्लिंथवर झोपवायचे, गुडघा वाकवायचा, आकडा जर्नलमध्ये उतरवायचा. ही सुरुवात योग्यच आहे; निरोगी शरीर हाताला कळल्याशिवाय बिघाड कळत नाही. पण विशीतल्या मुलाचा गुडघा कुणीही वाकवला तरी पूर्ण वाकतो. खरी परीक्षा पुढेच असते.

खांदा आखडलेली पन्नाशीतली बाई ओपीडीत येते. ‘हात बाजूने वर न्या’ म्हटले की ती नेते, पण त्याबरोबर खांदा कानाकडे उचलते आणि कमरेतून दुसऱ्या बाजूला कलते. ती हे मुद्दाम करत नाही. दुखणे चुकवायला शरीराने काढलेली ती वाट असते. अशा वेळी विद्यार्थ्याने एका हाताने खांद्याचे पाते दाबून धरले नाही, तर गोनिओमीटरवरच्या आकड्यात पात्याची आणि कमरेची हालचालही मिसळते. पुढच्या महिन्यात दुसऱ्याने पाते धरून मोजले की आकडा कमी भरतो आणि सुधारत असलेली बाई कागदावर बिघडलेली दिसते. पाते कुठे धरायचे ते पुस्तकात आहे. किती दाबाने धरायचे, हे शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हातावर आपला हात ठेवून दाखवल्याखेरीज समजत नाही.

अर्धांगवायूच्या पेशंटला उठवताना तर चूक फारच महागात पडते. लुळा हात धरून ओढले की आधीच सैल पडलेला खांदा खोबणीतून सरकू शकतो आणि पुढे महिनोन्‌महिने ठणकतो. घरचे लोक हे अजाणता करतात. त्यांना थांबवून नीट पद्धत दाखवायची ती फिजिओनेच, आणि त्यासाठी त्याने ती शिक्षकाच्या नजरेखाली खऱ्या पेशंटवर वारंवार केलेली असली पाहिजे.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पोस्टिंगमध्ये विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते आयएफटीचे, म्हणजे विद्युतप्रवाहाने दुखणे कमी करणाऱ्या मशिनचे, पॅड चिकटवणे आणि उपचाराच्या अल्ट्रासाउंडचे हेड फिरवणे. गर्दी असते, तपासणी सीनियर उरकतात, उरलेला वेळ सबमिशन खाते. व्हायवात सांध्यांचे अंश धडाधड सांगणारा पुढे जातो. त्याने पाते कसे धरले, हे पाहायला परीक्षकाला सवड नसते. मशिनला उपचारात जागा आहे, पण काय बिघडले आहे हे मशिन सांगत नाही. आपल्या देशात फिजिओथेरपीचे शिक्षण पन्नासच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते पोलिओच्या काळात. स्नायूची श्रेणी हाताने ठरवण्याची पद्धतही पोलिओच्या पेशंटना तपासतानाच विकसित झाली. त्या परंपरेतल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षीही श्रेणी दोन आणि तीनमध्ये गोंधळ व्हावा, हे मन लावून शिकणाऱ्या मुलांवर अन्यायाचे आहे आणि पेशंटच्या जिवाला घोर लावणारेही.

म्हणून कॉलेजांना एकच मागणी. वाढीव इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाने किती पेशंट शिक्षकासमोर स्वतः तपासले, याची नोंद ठेवा. ती पुरी झाल्याशिवाय प्रमाणपत्रावर सही करू नका.