खरी नोट, खोटी नोट आणि आपले कर्तव्य

पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याखेरीज आपण धान्याचा भाव बोलत नाही. नोटांची थप्पी मात्र केवळ मोजून तिजोरीत टाकतो. ही विसंगती आम्हांस गतवर्षी फार बोचली. आमच्या सुरतेतील पेढीवरून शनिवारी मजुरी घेऊन गेलेला खानदेशी हमाल सोमवारी पाचशेची खोटी नोट घेऊन परतला. “शेठजी, ही तुमच्याच गल्ल्यातली,” एवढेच तो म्हणाला. आम्ही त्यास दुसरी नोट दिली व ती बँकेत नेली. बँकेने शिक्का मारून ती जप्त केली व पोच दिली. मोबदला मिळत नाही; तसा नियमच आहे.

१९५४ ते १९७८ या काळात देशात दहा हजारांचीही नोट होती. २०१६ साली आलेली दोन हजारांची नोट १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले. आता नव्याने निघणाऱ्या नोटांत पाचशेचीच सर्वांत मोठी, आणि मजुराच्या हाती पडते तीही हीच.

तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. गांधीजींची प्रतिमा व अशोकस्तंभ उठावाने छापलेले. दोन्ही कडांस पाच-पाच तिरप्या उठावरेषा. नोट तिरपी करताच सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो. उजेडासमोर धरता जलचिन्ह उमटते. निरक्षरास अथवा अंधासही बोटांनी ओळखता यावी, हाच उठावाचा हेतू होय. तथापि बाजारातील धुळीने व घामाने उठाव बोथट होतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

कित्येक म्हणतात, “आली तशी पुढे चालवावी.” हे आम्हांस मुळीच मान्य नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणलेला आहे. भेसळीचे धान्य विकणे व जाणूनबुजून खोटी नोट खपविणे यांत अंतर ते काय? अशी नोट अखेर ज्याच्या हाती अडकते, त्याचा दिवसाचा घाम व्यर्थ जातो.

यास्तव व्यापारी बंधूंस आमची विनंती अशी की, नोटेच्या खुणा केवळ मुनिमांपुरत्या न ठेवता हमालांसही हाती नोट देऊन शिकवाव्यात. मजुरी त्यांच्यादेखत पारखून द्यावी. आणि पेढीतून खोटी नोट गेल्यास तिची तूट पेढीनेच सोसावी. मापात आपण जो चोखपणा राखतो, तोच गल्ल्यातही राखला पाहिजे.